सहदेवच्या हार्डडिस्कमधला राहू

मे महिन्यातल्या भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, संग्रामपूरच्या बाजारगल्लीत सहदेवच्या फोटो स्टुडिओपुढे दीड-दोनशे माणसं उन्हात उभी होती. आत टेबलावर एक कॉम्प्युटर होता. स्क्रीनला झेंडूचा हार, सीपीयूच्या डब्याला हळदीकुंकू, कीबोर्डवर अक्षता. माउसलाही कुणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं. उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, त्याला कसं वगळायचं?

मी गर्दीत नव्हतो, पण मला सगळं दिसत होतं. माझं दुकान स्टुडिओला लागून आहे आणि मधल्या भिंतीत एक काचेची खिडकी आहे. मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून सुटलो त्याला सहा वर्षं झाली. आता जनावरांची औषधं विकतो आणि उरलेल्या वेळात गल्ली बघतो. चाळीस वर्षं मी न बोलणारे पेशंट तपासले. मालक सांगेल ते ऐकायचं, पण हात लावून पाहिल्याशिवाय खरं मानायचं नाही, एवढी एक खोड त्या नोकरीनं मला लावली.

तर कॉम्प्युटरसमोर चौरंगावर यंत्रानंद महाराज बसले होते. भगवी कफनी, कानात बिनतारी हेडफोन आणि मनगटावर घड्याळाऐवजी तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते कुठले हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी खांडव्याकडचे म्हणे, कुणी थेट हिमालयातले. त्यांना गावात आणलं होतं गुलाबरावांनी. गुलाबरावांचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतं. त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर महाराजांनी चार दिवसांपूर्वी नुसत्या मंत्रानं सुरू केला, ही बातमी टुनकी-सोनाळ्यापर्यंत गेली होती.

"देह म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं.

गर्दीतली डोकी पुढे आली.

"देह म्हणजे हार्डवेअर! आत्मा म्हणजे?"

"सॉफ्टवेअर!" महाराजांचा शिष्य गोविंदा ओरडला.

"आणि या दोघांच्या मध्ये गुरू कोण?"

"पासवर्ड!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, कारण वाक्य खरोखर बरं होतं.

"या यंत्राच्या मूलाधार चक्रात राहू बसलेला आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "सी ड्राइव्ह म्हणजे चित्त. डी ड्राइव्ह म्हणजे देह. चित्त आणि देह यांची ताटातूट झाली आहे. गोविंदा, रक्षासूत्र बांध."

गोविंदानं जाडजूड लाल गंडा काढला, डब्याच्या मागच्या बाजूला गेला आणि वायरींच्या जंजाळात बराच वेळ काहीतरी बांधत बसला. मग पुढे येऊन त्यानं बटण दाबलं आणि लगेच कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेतल्या एका कळीवर बोटानं टकटक सुरू केली.

"अकरा वेळा जप!" महाराज म्हणाले.

टक, टक, टक. स्क्रीन काळी. मग स्क्रीनवर बारीक अक्षरं धावली, महाराजांनी भस्माची चिमूट उडवली, घंटा वाजल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर गुलाबी कमळ उमललं.

गल्ली हादरली. बाया हात जोडून रडू लागल्या. मागून कुणीतरी नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या काचेवर उडालं.

रडण्याचं कारण नुसती भक्ती नव्हती, हे सांगायला हवं. त्या कॉम्प्युटरमध्ये लग्नं होती. सहदेवनं या सीझनला घेतलेली एकोणीस लग्नं, फोटो आणि व्हिडिओ, सगळी त्या एका हार्डडिस्कवर. कॅमेऱ्यातली कार्डं तो दर लग्नानंतर पुसून पुन्हा वापरायचा, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि आठ दिवसांपूर्वी सकाळी त्यानं बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एकच ओळ आली. सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही, अशा अर्थाची. शेजारच्या तालुक्यातून एक मेकॅनिक येऊन गेला आणि फॉरमॅट मारून देतो म्हणाला. फॉरमॅट मारला तर लग्नं राहतील का, असं सहदेवनं विचारल्यावर तो म्हणाला, "लग्नाचं काय घेऊन बसले, कॉम्प्युटर तं चालू होईन!" त्या दिवसापासून सहदेव जेवत नव्हता. एकोणीस घरच्या नव्या सुना आणि त्यांच्या सासवा रोज स्टुडिओत चक्कर मारत होत्या.

आता कमळ पाहून तो पुढे धावला. "महाराज, लय उपकार झाले! पन लग्नं कुठी आहेत? फोल्डर तं एकबी दिसून नाई राह्यलं."

महाराजांनी त्याला हातानं थांबवलं. "यंत्र जागं झालं. स्मृती अजून झोपलेली आहे. राहू स्मृतीला धरून बसला आहे. आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, मी परत येईन. ज्या ज्या घरचं लग्न आत आहे, त्या प्रत्येक घरानं चांदीची एक वस्तू आणावी. चांदीतून वीज सगळ्यात चांगली वाहते, हे विज्ञान आहे. मग ही डिस्क मी आश्रमात नेईन आणि शांती करीन. समिधा म्हणून एक लॅपटॉप लागेल. कोरा. डबा न उघडलेला."

हे ऐकून मला खोकला आला. लॅपटॉपच्या समिधा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

तेवढ्यात शालूबाई गर्दीतून पुढे आल्या. शालूबाई म्हणजे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजणाऱ्या कडूबाची बायको. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या पायलचं लग्न झालं, पोरगी अकोल्याला गेली, आणि अठराव्या दिवशी कडूबा जिनिंगच्या फाटकात छातीत कळ येऊन बसला तो उठलाच नाही.

"महाराज," त्या म्हणाल्या, "माह्या मालकाचा आवाज हाय व त्याच्यात. त्यायनं लग्नात माइकवर दोन शब्द बोलले होते. मी तवा सैपाकाकडं होती, म्या आयकलेच नाई. तेवढं भेटन का?"

महाराजांनी त्यांच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिलं. "कधी गेले?"

"लगनाच्या अठराव्या दिवशी."

महाराजांनी मोठा श्वास घेतला. "ते गेलेले नाहीत, माई. ते याच डिस्कमध्ये अडकले आहेत. त्यांना मुक्ती मिळालेली नाही. मला त्यांची धडपड ऐकू येते आहे."

शालूबाईंनी पुढे होऊन डब्याला हात लावला. इतका वेळ मला हसू येत होतं, ते तिथं थांबलं.

महाराज गेले. जाण्यापूर्वी गोविंदानं कॉम्प्युटर बंद करून आपला गंडा सोडून घेतला. "राहू निघेस्तोवर रक्षासूत्र बांधून ठेवता येत नाई," तो म्हणाला. यंत्र पुन्हा काळं ते काळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई स्टुडिओत येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही. सोबत पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकर. तांब्या त्या डब्यापुढे ठेवत.

"सहदेव, बापू, पंखा इकडं फिरव नं थोडा," त्या म्हणाल्या. "त्याईले उन्हाळा सहन होत नसे."

सहदेवनं मुकाट्यानं टेबलफॅन डब्याकडे वळवला आणि स्वतः घामानं निथळत बसला.

मी न राहवून आत गेलो. "शालूबाई, माणूस मेल्यावर लोखंडाच्या डब्यात कसा जाईल? तुम्ही स्वतः त्याला आंघोळ घातली ना?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "डॉक्टरसायेब, तुमी बैलाचे डॉक्टर. तुमाले याच्यातलं काय कयते?"

प्रश्न अगदी रास्त होता. मला म्हशीच्या चारही पोटांची माहिती होती, पण त्या डब्यात काय असतं याचा पत्ता नव्हता. ज्याला स्वतःलाच कारण माहीत नाही, तो दुसऱ्याची समजूत काय घालणार? मी दुकानात येऊन सुवर्णाला फोन लावला.

सुवर्णा तायडे आमच्या इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिची आई बेबीताई अंगणवाडी सेविका. त्यांच्या शेळ्या माझ्याच हातून बऱ्या होत, आणि शाळकरी सुवर्णा सुई टोचताना शेळीचे कान धरून मला शंभर प्रश्न विचारी. आता सगळं ऐकल्यावर तिनं मला तीनच विचारले.

"काका, कमळ दिसलं तेव्हा सहदेवभाऊंच्या मुलीचा फोटो होता का स्क्रीनवर? तो नेहमी असतो."

"नव्हता."

"गंडा बांधला तो मागच्या बाजूला?"

"हो. बराच वेळ."

"आणि सोडून नेल्यावर बंद?"

"बंद."

ती फोनवरच हसली. "येते मी. तोवर त्या डिस्कवर कुणाला काही करू देऊ नका. फॉरमॅट तर अजिबातच नाही."

ती स्कूटीवर आली, पाठीला पिशवी. आल्या आल्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. आधी सहदेवला समोर बसवलं आणि मी गोठ्यात विचारतो तसं विचारलं. आजार कधी सुरू झाला? त्याआधी काय खाल्लं?

"गुलाबरावांच्या पुतन्याचं लगन कॉपी करून राह्यलो होतो," सहदेव म्हणाला. "तेवढ्यात लाइट गेली. आली, गेली, आली, गेली. पाच-सहा डाव झालं असन. ते कार्डबी तवाच खराब झालं."

"इन्व्हर्टर?"

सहदेव मान खाली घालून म्हणाला, "बॅटरीत पानी टाकाचं राहून गेलं होतं, मॅडम."

"म्हणजे राहू त्या बॅटरीत होता," सुवर्णा म्हणाली. मग तिनं कान डब्याला लावून यंत्र सुरू केलं. "खडखड नाही. टिकटिक नाही. आतली चकती नीट फिरते आहे. अंग धड आहे, काका. नुसतं डोकं फिरलंय."

शालूबाई टक लावून पाहत होत्या. सुवर्णा त्यांच्याजवळ खाली बसली.

"काकू, ही डिस्क म्हणजे एक शेत समजा. मोठं. त्यात तुकडे पाडलेले आहेत. एका तुकड्यात यंत्र चालवायचं सामान, दुसऱ्यात सहदेवभाऊंची लग्नं. कोणता तुकडा कुठून कुठवर, याचा मोजणीचा नकाशा शेताच्या अगदी तोंडाशी ठेवलेला असतो. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी तो नकाशा वाचतो. लाइट फडफडली तेव्हा नेमका तो नकाशा खराब झाला. आता कॉम्प्युटर म्हणतो, मला इथं शेतच दिसत नाही."

"मंग शेत गेलं का?"

"शेत कुठं जाईल? शेतही तिथंच, पीकही तिथंच. फक्त कागद फाटला. आपण शेतातून चालत जायचं आणि बांधावरचे, धुऱ्यावरचे दगड शोधायचे. दगड सापडले की नकाशा नव्यानं काढता येतो. फॉरमॅट मारून नव्यानं पेरलं असतं, तर मात्र जुनं पीक गेलं असतं."

शालूबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् हे?" 'हे' म्हणजे कोण ते आम्हाला कळलं.

"ते त्यात नाहीत, काकू," सुवर्णा हळू म्हणाली. "त्यांचा आवाज असेल. फोटोत माणूस कोंडलेला नसतो, तसा आवाजातही नसतो. तो मिळेल की नाही, हे मी आत्ता सांगत नाही. आधी बघू द्या."

मला ते वाक्य फार आवडलं. आठवडाभरात त्या स्टुडिओत 'मला अजून माहीत नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच तिनं पेचकस काढला, डब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं आणि डिस्क बाहेर काढली. तळहाताएवढी, चपटी, लोखंडी. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, असं बजावून तिनं ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर तिची तंतोतंत नक्कल घ्यायला लावली. त्यात दुपार झाली. मग नकलेवर एक प्रोग्रॅम सोडला. तो म्हणे फुकट मिळतो, आणि काम एकच करतो: शेतभर फिरून धुरे शोधतो. पडद्यावर आकडे सरकत होते. मंत्र नाही, भस्म नाही. बघणाऱ्याला झोप यावी असं काम. सहदेव मात्र प्रत्येक आकड्याला मान हलवत होता.

चारच्या सुमारास सुवर्णा म्हणाली, "पहिला धुरा सापडला."

अर्ध्या तासानं दुसरा. तिनं दोन्ही नीट तपासले, नकाशा नव्यानं लिहिला आणि पडद्यावर फोल्डर उघडलं. एकाखाली एक नावं आली. वरवट बकाल, पातुर्डा, सोनाळा... सहदेव बोटांवर मोजत रडू लागला. सोळा लग्नं धडधाकट होती. दोन थोडी खरचटलेली. एक अर्धंच, जे लाइट गेली तेव्हा कॉपी होत होतं. त्यात नवरदेव घोड्यावर बसतो, बँड वाजतो, आणि मांडव यायच्या आधीच सगळं संपतं. ते नेमकं गुलाबरावांच्या पुतण्याचं निघालं.

"हे अर्धं परत येणार नाही," सुवर्णानं स्पष्ट सांगितलं. "जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठून आणणार?"

खरचटलेल्या दोनांपैकी एक पायलचं होतं. चित्र मधूनमधून चौकोनांत फुटत होतं, पण आवाज स्वच्छ होता. शालूबाईंना खुर्चीवर बसवलं. कडूबा पांढऱ्या टोपीत माइकजवळ आला, माइक उलटा धरला, कुणीतरी सुलटा करून दिला.

"जेवून जा बरं सगये," कडूबा म्हणाला. त्याला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती, ते दिसत होतं. "वांग्याची भाजी जराशी तिखट झाली, तेवढं चालवून घ्या. पोरीले सांभाया. आन्... शालू कुठी हाय? शालू, सकायपासून उपाशी हायेस तू. तूबी जेव आता." मागून हशा उठला. कडूबा लाजला आणि माइक तसाच ठेवून निघून गेला.

शालूबाईंनी तीनदा ऐकलं. मग फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

खाऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हंजे हे कोठी अडकले नाईत नं?"

"नाहीत, काकू."

"आन् त्या मेल्यानं माह्या मालकाले इतके दिवस डब्यात कोंडून ठेवलं!" त्यांचा आवाज चढला. "म्या पंखा लावला, पानी ठेवलं! आता येऊ द्या त्याले. मॅडम, त्याले काही सांगू नका. येऊ द्या. जसं हाय तसंच लावून ठेवा."

"जसं आहे तसं?" सुवर्णाच्या डोळ्यांत शेळीचे कान धरणारी ती जुनी पोरगी चमकली. "की थोडं कमी करून?"

बाजाराचा दिवस उजाडला. मागच्या वेळेहून दुप्पट गर्दी. गुलाबराव स्वतः जीपमधून महाराजांना घेऊन आले. परातीत चांदी जमू लागली: निरांजन, करंडा, छल्ला, लहान लेकराचे वाळे. शालूबाईंनी आपली जोडवी ठेवली. कडूबा गेला त्या दिवशी काढलेली. ती परातीत पडताना महाराजांनी डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

सुवर्णा डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून पुढेच बसली होती. इतकी भाविक दिसत होती, की मलाच शंका आली.

"महाराज," ती म्हणाली, "डिस्क आश्रमात नेण्याआधी एकदा सगळ्यांदेखत राहूला हलवून बघता का? आजचा दिवस चांगला आहे."

गर्दीनं उचलून धरलं. महाराजांना नाही म्हणता येईना. गोविंदानं मागे जाऊन गंडा बांधला, पुढे येऊन अकरा वेळा टकटक केली. घंटा वाजली. कमळ उमललं.

"निघाला! राहू निघाला!" महाराज चौरंगावर उभेच राहिले.

"महाराज, डिस्क आता बरी झाली?" सुवर्णानं विचारलं.

"पूर्ण बरी! तिची स्पंदनं माझ्या बोटांत येत आहेत."

"आणि कडूबाकाका?"

"मुक्त झाले! आत्ताच निघाले. जाताना मला नमस्कार करून गेले."

शालूबाई उभ्या राहिल्या. पदराची गाठ सोडली आणि ती तळहाताएवढी लोखंडी डिस्क वर धरली.

"मंग हे काय हाय, महाराज?"

महाराजांना कळेना. गोविंदाला मात्र पाहता क्षणी कळलं. त्याचा चेहरा पडला. सुवर्णानं पेचकसाचे दोन फेरे दिले आणि डब्याचं झाकण बाजूला केलं. "या, सगळ्यांनी बघा. गुलाबरावदादा, तुम्ही आधी या. टॉर्च लावा."

गुलाबरावांनी मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकं घातलं. डिस्कची जागा रिकामी होती. दोन वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

"याच्यात तं काईच नाई!" ते म्हणाले.

"नाहीच. सकाळपासून ती काकूंच्या पदरात आहे. महाराजांनी बरी केली, त्यांच्या बोटांत स्पंदनं आली, ती कोणत्या डिस्कची?"

मागून एक जण खिंकाळल्यासारखा हसला आणि मग हसू आवरेना कुणाला.

सुवर्णा मागे गेली आणि गंडा सोडला. त्या जाड दोऱ्याच्या गुंडाळीतून नखाएवढा एक काळा पेन ड्राइव्ह निघाला. तो वर धरून ती बोलू लागली.

"कॉम्प्युटर सुरू व्हायला डिस्कच लागते असं नाही. एवढ्याशा पेन ड्राइव्हवरूनही तो सुरू होतो. यावर कमळ आहे, घंटा आहे. ती टकटक म्हणजे जप नाही; ती कळ दाबली की कॉम्प्युटर विचारतो, कुठून सुरू होऊ? हा म्हणतो, पेन ड्राइव्हवरून. झालं. तुमच्या डिस्कला यानं हातसुद्धा लावलेला नाही. म्हणून तर लग्नं दिसत नव्हती."

"आन् मग आमची लग्नं?" एक सासूबाई ओरडल्या.

"आहेत. चमत्कार झाला म्हणून नाही, मंत्र होता म्हणून नाही. वेळ दिला आणि रीत पाळली म्हणून. अठरा आहेत, एक अर्धं आहे." मग तिनं गुलाबरावांकडे पाहिलं. "माफ करा दादा, ते तुमचं आहे."

महाराज म्हणाले, "ही विज्ञानाची भाषा आहे. अध्यात्म याच्या पलीकडे..."

"तर मग पेन ड्राइव्ह न लावता करून दाखवा," सुवर्णा म्हणाली. "मी इथंच बसते."

महाराज बसले नाहीत. ते जीपकडे सरकले, पण जीप गुलाबरावांची होती आणि किल्ली त्यांच्या खिशात. चार-दोन जणांनी चपला काढल्या. तेव्हा मात्र सुवर्णा मधे उभी राहिली. "हात लावायचा नाही. अशा लबाडीसाठी आपल्या राज्यात कायदा आहे. ठाण्यात चला, तक्रार द्या आणि सही करा." तक्रारीवर पहिली सही गुलाबरावांना करावी लागली. पेन तीनदा अडखळलं, पण त्यांनी केली, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. गोविंदानं ठाण्यात सगळं कबूल केलं. बिचाऱ्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तो म्हणाला, दुकान टाकलं तर कुणी विचारत नव्हतं, गंडा बांधला तर पाया पडू लागले.

परातीतली चांदी ज्याची त्यानं उचलली. शालूबाईंनी जोडवी रुमालात बांधली.

तिथून सगळे गुलाबरावांच्या कृषी केंद्रात गेले. तिथं बारा दिवसांपासून कॉम्प्युटरवर कमळ होतं. समोर उदबत्ती, आणि यंत्राला विटाळ नको म्हणून कुणी त्याला हात लावत नव्हतं. दुकानातले दोघे नोकर पूर्वीसारखी हातानं बिलं लिहीत होते. सुवर्णानं गंडा सोडला, कमळ मावळलं. गुलाबराव म्हणाले, "म्हंजे मी बारा दिवस पेन ड्राइव्हची आरती केली?" मग त्यांनी स्वतःच उदबत्ती विझवली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर पन्नासेक माणसं जमली. हातात हार, नारळ, बंद पडलेले मोबाइल, एक मिक्सर, आणि एक जण तर आपली विहिरीवरची मोटर घेऊन. एका बाईनं वाकून सुवर्णाच्या पायाला हात लावला. "माय, तुह्या हाताले गुन हाय. नुसता हात फिरव."

सुवर्णाला मी इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. हार तिनं बाजूच्या पोरीच्या गळ्यात टाकला. "माझ्या हाताला काही गुण नाही! काल झाकण कशाला उघडलं मग मी? तुम्ही बघावं म्हणून. तुम्ही बघितलं आणि आज मलाच चौरंगावर बसवायला निघालात?"

तेव्हापासून दर रविवारी सहदेवच्या स्टुडिओत वर्ग भरतो. जुने कॉम्प्युटर उघडायचे, आत काय असतं ते हातानं चाचपायचं, प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवायच्या, आणि बॅटरीत पाणी टाकायचं. शालूबाई पहिल्या रांगेत बसतात. मी दुसऱ्या. त्यांना आता पेन ड्राइव्ह टीव्हीला लावता येतो. माझा अजून उलटाच लागतो.

वाचकहो, तुमच्याही गावात असा कुणी येईल. त्याची वाक्यं चांगली असतील, विज्ञानाचे दोन शब्दही त्यात असतील, आणि तुमचं एखादं दुःख त्याला तुमच्या तोंडूनच कळलेलं असेल. तेव्हा वाद घालायची गरज नाही. आम्हा वऱ्हाडी माणसांना त्यासाठी एक शब्द जन्मापासून येतो. लहान लेकरू दिवसातून शंभरदा तो बोलतं आणि मोठेपणी आपण तो लाजून सोडून देतो. त्याच्या डोळ्यांत बघून तेवढाच विचारा. तुमच्याकडचा 'का', आमच्याकडचा: काऊन?